'य'चं बालपण

मेलेला किडा सकाळी जिवंत निघाला, तेव्हा माझ्या हातात चहाची कपबशी होती आणि अंगात नाताळच्या सुट्टीचा आळस. खिडकीत एक काचेची बरणी होती, लोणचं संपलेली, तोंडाला फडकं बांधलेली. आत वालाची एक वाळलेली डहाळी आणि काचेला उलटं चिकटलेलं एक टरफल. त्या टरफलाला मी कधीच मेलेलं धरून टाकलं होतं. बरणी धुवायची राहिली होती, कारण विमल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी देऊळघाटला गेलेली, आणि बुलढाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत धुण्यापुसण्याच्या सगळ्या गोष्टी ती ठेवून गेली तशाच तिची वाट पाहत होत्या. आज टरफल फाटलेलं होतं आणि शेजारी एक किडा बसला होता. फिकट पिवळा, तुरीच्या डाळीएवढा, पाठ कोरी. मी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यालो, आणि पुन्हा पाहिलं तर पाठीवर एक पुसट डाग दिसला. जरा वेळानं दुसरा. बाहेरून काही लागत नव्हतं, आतूनच कुणी शाईचं बोट टेकवावं तसे ठिपके वर येत होते. उरलेला चहा गार झाला. पाठ नारिंगी होत गेली, ठिपके काळे झाले, आणि ज्याच्या जिवावर मी सासऱ्यापुढे छाती काढली होती तो ढालकिडा बरणीत माझ्याकडे पाठ करून बसला. पण बरणीत मी ढालकिडा ठेवलाच नव्हता. सासूबाईंनी बाजाराच्या दिवशी त्या बरणीतून एक काळी, काटेरी, सहा पायांची अळी पाठवली होती, 'हे काय हाये ते जवाईबापूले इचारा' म्हणून. आणि मी, नागपूरच्या विद्यापीठाचा गणिताचा एम. एस्सी., तिच्याकडे एकदा पाहून निरोप धाडला होता की ही पान खाणारी दिसते, वेचून मारून टाका. आज देऊळघाटच्या मळ्यात त्यासाठीच इर्जिक होती.

इर्जिक म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बायका एका शेतात. मजुरी नाही, काही नाही, दुपारी पोटभर जेवण, आणि पुढे त्यांच्या शेतात काम निघालं की आपण जायचं. सासूबाईंनी वीसेक बायका सांगितल्या असणार. वीस बायकांच्या चाळीस हातांपुढे अळ्यांचं काय चालणार! बाई एकदा वेचायला लागली की गवतातली मोहरीसुद्धा शिल्लक राहत नाही. वाईट याचं की अख्खा मळा यंदा वालाखाली होता. माझे सासरे कडूबा एरवी वांगी, मेथी, कांदा असं जरा-जरा सगळं करत. यंदा विहिरीला पाणी चांगलं म्हणून त्यांनी धीर करून सगळा वाल टाकला. वालावर मावा आला. काळा, बारीक, देठादेठाला लिंपलेला, हात लावला की बोटं चिकट. शेजारच्या सगळ्या मळ्यांत तंबाखू उकळून फवारली गेली. कडूबांनी नाही फवारली, कारण जावयानं नको म्हटलं होतं. वाल गेला तर त्यांचं वर्ष जाणार होतं, आणि ते माझ्या शब्दावर जाणार होतं. हे सगळं मला पायात वहाणा घालेपर्यंतच्या वेळात सुचलं. टोपी घ्यायची राहिली. बरणी पिशवीत घालून मी सायकलच्या मुठीला अडकवली आणि निघालो.

कचेरीच्या रस्त्यानं जाताना दोन वकिलांनी हात केला, मी केला नाही. थंडी होती. बुलढाण्याची थंडी उंचावरची, कोरडी, कानाला चावणारी. साहेब लोकांनी याच हवेसाठी इथे जिल्हा आणून बसवला म्हणतात. सायकलवर माझं डोकं नेहमीच चांगलं चालतं. खरं तर कुठेही चांगलंच चालतं, उगाच विनय कशाला. चिखलीच्या माळ्याच्या घरातून निघून नागपुरात पहिल्या वर्गात पास झालेला माणूस आहे मी, आणि जिल्ह्यात आमच्या समाजात असा दुसरा नाही. हे मी कुणाला सांगत नाही, लोकच सांगतात, मी फक्त त्यांना थांबवत नाही. कडूबा तर चावडीवर बसून सांगतात. त्यांना गणित म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण जावई ते करतो म्हणजे ते वजनदार असणार असा त्यांचा हिशेब. म्हणून तर मागच्या आखाडीला मी जेवायला गेलो असताना, पुरणपोळी पानात पडायच्या आधी त्यांनी मला तो प्रश्न विचारला. 'जवाईबापू, एक सांगा मले. मावा पडला का आमी तंबाखूचं पानी मारतो. मरते. पन पंधरा दिवसानं पायलं तं पयल्यापेक्षा दुप्पट. ज्यानं नाई मारलं त्याचा मावा आपोआप जाते. हे असं काऊन?'

माझा हात तुपाच्या वाटीवरच थांबला. कारण हा प्रश्न मला माहीत होता. माझ्या सरांनी नागपूरला मला एक निबंध वाचायला दिला होता, इटलीतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाचा. त्यांच्या जावयानं त्यांना असंच काहीसं विचारलं होतं. समुद्रातल्या माशांचं. लढाईच्या वर्षांत मासेमारी कमी झाली, तर खाणारे मासे वाढले आणि खाल्ले जाणारे मासे कमी झाले, असं का? सासऱ्यानं जावयासाठी दोन समीकरणं मांडली. एक खाणाऱ्याचं, एक खाद्याचं. खाद्य वाढलं की खाणाऱ्याची चंगळ, खाणारे वाढले की खाद्याची धूळधाण, खाद्य संपलं की खाणारे उपाशी, ते मेले की पुन्हा खाद्याला बहर. दोन लाटा, एकीच्या मागे दुसरी, कधीच बरोबर नाहीत. आणि दोघांना सारखंच मारत गेलं की सरासरीनं वाढतं ते खाद्य, कमी होतो तो खाणारा. मला तो निबंध वाचून रात्रभर झोप आली नव्हती. लग्नातही आली नव्हती, पण ते वेगळं. आणि इथे वऱ्हाडात एका पाटावर बसून माझा सासरा मला तेच विचारत होता, फक्त नात्याची बाजू उलटी. मी पानावरच बोटानं काढून दाखवलं. मावा म्हणजे क्ष. माव्याला खाणारा तो लाल, ठिपक्याचा ढालकिडा म्हणजे य. तंबाखूनं क्ष मरतो, य पण मरतो. क्ष आठ दिवसांत उभा राहतो, य राहत नाही. कडूबांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, 'म्हंजे चोर अन् शिपाई दोघंही मारले, तं चोर पयले जल्मते.' मी म्हटलं, 'बस्स. शंभरापैकी शंभर.' त्या दिवशी मला सासरा फार आवडला. त्या दिवशीच ठरलं की यंदा तंबाखू नाही. लाल किड्याला कुणी हात लावायचा नाही. बाकी काही वळवळणारं दिसलं तर वेचून मारायचं. हे 'बाकी काही' माझंच.

शहर संपून रस्ता उताराला लागला तशी सायकल आपोआप धावू लागली, आणि मला एक विचित्र गोष्ट कळली. मला दुःख झालेलं नव्हतं. भीती होती, पण तिच्या वरच्या बाजूला, अगदी गळ्यापाशी, आनंद होता. खराखुरा, निर्लज्ज आनंद. माझ्या समीकरणात एक भोक होतं आणि ते मला सापडलं होतं. कार्तिकापासून मी वाट पाहत होतो. मावा चढत होता, माझ्या आकृतीप्रमाणे लाल किडे त्याच्या मागोमाग चढायला हवे होते, आणि ते चढत नव्हते. दर रविवारी मी मळ्यात जाऊन पाहायचो, चार-दोन लाल किडे, बस्स. मी क्षचा गुणक बदलला, यचा बदलला, रात्री कंदिलाशी भांडलो. आणि आता एका लोणच्याच्या बरणीनं सांगितलं की यला बालपण असतं. मी लिहिलं होतं की किड्यानं मावा खाल्ला की किडे वाढतात. जणू सकाळी जेवला आणि संध्याकाळी त्याला मिशा आलेलं पोर झालं! मध्ये अंडं आहे, अळी आहे, टरफल आहे. मध्ये वेळ आहे. एवढं साधं. आणि त्या मधल्या वेळात तो ओळखू येत नाही, कुरूप दिसतो, शत्रूसारखा दिसतो. एका चढावर उतरून सायकल ढकलताना मी स्वतःशीच हसलो. मग देऊळघाटकडून बैलगाडी आली, तिच्यावर तंबाखूच्या काड्यांचे भारे होते, आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. मळ्यात या क्षणी बायका वेचत होत्या. मी काय हसत होतो? सासऱ्याचं शेत बुडत असताना आपलं गणित सुधारलं म्हणून हसणारा माणूस कसला असेल, असं मला वाटलं. आणि तो माणूस मीच, हेही वाटलं. मी पुन्हा सायकलवर बसलो आणि जोरात पायडल मारलं.

सगळ्यात चीड याची येत होती की हे मला आधीच माहीत होतं. कुठल्या पुस्तकातून नव्हे, चिखलीच्या बाजारातून. माझे वडील तिथे अडतीवर मापारी होते. धान्य, मिरची, सरकी, जे येईल ते मापून देत. मी शाळा सुटल्यावर मिरचीच्या ढिगाशी जाऊन बसायचो, शिंकायचो, आणि लोकांचं ऐकायचो. एका वर्षी मिरचीला असा भाव की शेतकरी मागे वळून न पाहता घरी जात. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी मिरची लावलेली, आणि भाव असा की माल गाडीतून उतरवायला कुणी तयार नाही. तिसऱ्या वर्षी वैतागून कुणी लावलीच नाही, पुन्हा भाव आकाशाला. वडील म्हणायचे, 'लोक मागच्या वर्षीच्या भावानं पेरतात अन् यंदाच्या भावानं विकतात. मंग रडतात.' बी. एस्सी.ला असताना मी त्या वाक्याचं समीकरण केलं. यंदाचा माल बरोबर मागच्या भावाचं फळ. ती मधली एक साल घातली की लाट आपोआप उठते, काढली की लाट मरते. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात फळ्यावर मांडलं. म्हणजे मिरचीला मी वाढायला वर्ष दिलं होतं. मिरचीचं रोप, फूल, हिरवी, लाल, वाळवण, सगळ्याला वेळ लागतो हे मला माहीत होतं, कारण मी तिच्याशेजारी बसून शिंकलो होतो. किड्याशेजारी मी कधी बसलो नव्हतो. तो मला निबंधातून भेटला, अंगावर मांस नसलेला, नुसतं अक्षर. आणि अक्षराला पोरं होतात ती अक्षरांसारखीच, जन्मतःच मोठी. दर रविवारी मी मळ्यात जायचो म्हणजे काय करायचो? बांधावर उभं राहून लाल ठिपके मोजायचो, विमलच्या हातचा चहा प्यायचो, आणि यायचो. काळ्या अळ्या तेव्हाही पानावर असणार. माझ्या डोळ्यांसमोर त्या माव्यात तोंड घालून बसलेल्या असणार, आणि मी त्यांच्यावरून नजर फिरवून लाल शोधत असणार. विमल एकदा म्हणालीही होती, 'तुमाले जे हवं तेच दिसते.' मी समजलो ती भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल बोलते आहे.

मळा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. लांबूनच लुगड्यांचे रंग दिसले, ओळीनं, वालाच्या मांडवांमधून. बायका कामाला लागून बराच वेळ झालेला होता, कारण त्या विहिरीच्या बाजूनं सुरुवात करून अर्ध्याच्या पुढे सरकल्या होत्या. मी सायकल बांधावर टाकली, पडली तशी. बांधाशी एक मोठं घमेलं होतं, त्यात पाणी आणि वर घासलेटचा तेलकट रंग, आणि त्या रंगाखाली काळा गाळ. पहिली खेप त्यात ओतून झाली होती. दुसऱ्या खेपेच्या टोपल्या शेजारी ओळीनं मांडलेल्या होत्या आणि सासूबाई, रुख्मिणीबाई, त्यातली पहिली दोन्ही हातांनी उचलत होत्या.

'मामी, थांबा! ओतू नोका!'

त्यांनी टोपली तशीच धरली. सगळ्या ओळीनं माना वळवल्या. जावई असा कधी आलेला नव्हता, उघड्या डोक्यानं, घामेजलेला, हातात लोणच्याची बरणी. विमल बाभळीखाली चटईवर पाय लांब करून बसली होती, ती उठायला लागली. सासूबाई म्हणाल्या, 'काय झालं बाप्पा? विमल बरी हाये, हे इथंच तं बसली.'

'विमलचं नाई. टोपल्यातलं. ते मारू नोका.'

'काऊन? तुमीच तं निरोप धाडला होता, मारा म्हनून.'

'हाव, मीच धाडला. चुकलं माह्यं.'

शेजारच्या शालूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'घ्या आता. आधी वेचा म्हन्ते, मंग सोडा म्हन्ते. जवाई हाये का सरकार?' बायका हसल्या. मीही हसलो असतो. विहिरीवरून कडूबा येत होते, मोटेचं पाणी दाऱ्याला लावून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांना काही विचारायची वेळ न देता मी बरणीवरचं फडकं सोडलं. किडा काचेवर चढून वर आला होता.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. 'हे तं ठिपक्याचं. याले आमी बोटही नाई लावलं. इचारा साऱ्याइले.'

'मामी, तुमी याच बरणीत काळी अळी धाडली होती ना? म्या फडकंही सोडलं नाई. ते अळी बरणीच्या काचेले चिकटली, मेल्यासारखी झाली, अन् आज त्यातून हे निंघालं. हे अन् ते एकच हाये.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे. टोपलीत त्या काळ्या अळ्या एकमेकींवर चढत होत्या, टोपलीच्या काठाला येत होत्या, पडत होत्या.

'म्हंजे हे त्याचं पोट्टं?'

'हाव.'

'तं सकाळपासून आमी पोट्टेच वेचून राह्यलो?'

यावर कुणी हसलं नाही. शालूबाईसुद्धा. सासूबाईंनी टोपली हळूच खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, पण हात चिकट्यानं भरलेले, पदर हाताला धरून राहत होता. मग घमेल्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, 'अन् हे?' मी म्हटलं, 'ते गेले.' हे दोन शब्द म्हणताना मला जे वाटलं ते कुठल्याही समीकरणात बसलं नसतं. मी ते बसवायचा प्रयत्नही केला नाही. वाईट वाटलं. सरळ वाईट वाटलं.

कडूबांनी बरणी हातात घेतली, उन्हाला धरली, परत दिली. त्यांचा चेहरा उन्हानं रापलेला, त्यावर राग आला की काय झालं ते पटकन कळत नाही. ते म्हणाले, 'माह्या शेजाऱ्याइचे मळे झाले दोनदा मारून. मी गावात सांगतलं, जवाई शिकेल हाये, तो म्हन्ते तसं करतो. आता मले गनित नोका सांगू. हाव का नाई, तेवढं सांगा. कढई चढवू का नोको?'

इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, मामा, तुमचं शेत, तुम्ही ठरवा. एकदा तोंडघशी पडलेल्यानं तेच म्हणावं. मी तसा शहाणा नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी खात्री मला कधीच नव्हती. आतापर्यंत मी कागदावरच्या लाटेच्या जोरावर बोलत होतो. आता टोपल्या भरून पुरावा समोर वळवळत होता. य नाही, य नाही म्हणून मी रडत होतो, आणि य इथे टोपल्यांनी होता, लंगोटीतला, भुकेलेला, आठवड्याभरात मिशा फुटणारा. मी म्हणालो, 'नोका चढवू.'

'मावा थांबते का तवरोक?'

'नाई थांबत. आनखी चार-पाच दिवस वाढनच. तुमाले वाटन, जवायानं बुडवलं. गाव हासन. मंग एकदम पडन. तेवढे दिवस मले शिव्या द्या, पन तंबाखू नोका उकळू.'

विमल आता उठून आईपाशी आली होती, एका हातानं कंबर धरून. तिनं टोपलीतून एक अळी पानावर घेतली, डोळ्यांजवळ नेली. 'कसं ध्यान हाये,' ती म्हणाली, 'पन खाऊन राह्यलं पाहा.' पानाच्या देठाला मावा होता आणि अळी त्यात तोंड घालून होती. आम्ही सगळ्यांनी माना पुढे करून पाहिलं. कडूबांनीही. मग ते बायकांकडे वळले. 'घ्या वं टोपल्या. जिथून आनले तिथं नेऊन सोडा. एकही पायाखाली येऊ देऊ नोका.'

सासूबाईंनी सगळ्यात जड टोपली माझ्यापुढे सरकवली. 'तुमीही चाला, जवाईबापू. ज्यानं निरोप धाडला त्यानंही ओळ धराव.' सासुरवाडीत जावयाला असं कुणी म्हणत नाही. पाणी पुढे करतात, पाट टाकतात. मी टोपली घेतली आणि शालूबाईंच्या शेजारची ओळ धरली. पहिली अळी बोटानं उचलली तेव्हा तिनं माझं बोट सहाही पायांनी पकडलं. मला एकदम भीती वाटली, दचकून झटकणार होतो. मी आयुष्यात हजार वेळा य लिहिला असेल, त्याचा वर्ग केला, त्याला भागलं, शून्याजवळ नेलं. त्यानं मला कधी धरलं नव्हतं. मी बोट पानाला टेकवलं आणि थांबलो. ती उतरायला तयार नव्हती. मग माव्याचा वास लागला असेल, उतरली. शालूबाई म्हणाल्या, 'अशी एक-एक ठेवान तं संक्रांत इथंच कराल.' मी हात जरा जलद चालवला. दुपारी जेवायला बायकांची पंगत बसली तेव्हा माझ्या ओळीचा शेवट यायचा होता. विमल भाकरी घेऊन बांधावर आली. मी खाली पाहून म्हटलं, 'तू असती तं ते बरणी कवाच धुतली असती.' ती म्हणाली, 'हाव. म्हनूनच मी इथं हाये.' मग हसली आणि पोटावर पदर ओढून घेऊन सावलीत गेली.

मावा त्यानंतर चार दिवस वाढला, पाचव्या दिवशीही वाढला, आणि गाव हसलं. मी दोनदा जाऊन शिव्या ऐकून आलो. मग एका सकाळी देठ हिरवे दिसू लागले. संक्रांतीपर्यंत मळ्यात लाल ठिपके असे झाले की विमलच्या चुलत्यांची पोरं ते अंगावर चढवून फिरत. पण सगळ्या मळ्यात नाही. इर्जिकीच्या पहिल्या खेपेत ज्या ओळी वेचून घमेल्यात गेल्या होत्या, विहिरीच्या बाजूच्या, त्या काळ्याच राहिल्या. शेंगा वाकड्या, पोचट, पानं चिकट्यानं चमकणारी. मळ्याच्या मधोमध एक रेघ दिसायची, अलीकडे काळं, पलीकडे हिरवं. एवढी स्वच्छ रेघ मी कागदावर कधी काढली नव्हती. कडूबा लोकांना बोलावून आणून त्या रेघेवर उभं करत आणि सांगत, 'इकडं मारले. तिकडं वाढू देल्ले.' याच्यापुढे त्यांचं व्याख्यान नसे. काळ्या बाजूचं नुकसान त्यांचंच होतं, आणि ते दाखवायला त्यांना लाज वाटत नव्हती. मला थोडी वाटत होती. पण मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो.

विमलला मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा ओटीवर बसून मी सासऱ्यांना नवं समीकरण दाखवलं, त्यांनीच विचारलं म्हणून. 'गनितात थांबा म्हनाचं असन तं कसं लेहतात?' त्यांचा प्रश्न इतका नेमका की मी खडूच शोधला. पाटीवर लिहिलं : आजचा य हा आजच्या क्षवर नाही, मागच्या क्षवर. ते पाटीवर वाकले आणि म्हणाले, 'म्हंजे आज जेवलं ते आज दिसत नाई.' आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, बायका पाळण्याची दोरी बांधत होत्या, जेवणासाठी हिरव्या बाजूच्या वालाच्या शेंगांचा ढीग सुपात पडला होता आणि सासूबाई त्या मोडत होत्या. मोडता मोडता त्यांचा हात थांबला. एका शेंगेवर काळी, काटेरी, उशिरा जन्मलेली एक अळी होती. बाळंतिणीच्या खोलीतून आलेल्या शालूबाईंनी सवयीनं ती झटकायला हात पुढे केला. 'राहू द्या,' सासूबाई म्हणाल्या, 'पोट्टं हाये.' आणि बारशाचं सगळं घर तसंच सोडून, ती शेंग तळहातावर धरून त्या मळ्याकडे गेल्या, हिरव्या ओळींना ओलांडून, विहिरीच्या बाजूच्या काळ्या ओळींत तिला सोडायला.